येइलोला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ओस्लोत राहते. दर हिवाळ्यात पुण्या-मुंबईहून येणारे पाहुणे आणि इथे नव्याने आलेली मराठी मंडळी नॉर्वेतल्या येइलो या स्कीच्या गावाबद्दल जवळजवळ तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला फोनवर निम्मंशिम्मं सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं. हे गाव मला फार जवळचं आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

नाव नक्की कसं उच्चारायचं?

रोमन लिपीत लिहिलेलं हे नाव मराठी माणूस हमखास 'गेलो' असं वाचतो. नॉर्वेजियनमध्ये त्या जागी 'ग'चा 'य' होतो आणि उच्चार 'येइलो'च्या जवळ जातो. गोव्याच्या एका मैत्रिणीला तो कोकणीतल्या 'आयलो'सारखा वाटला, आणि तेव्हापासून ती कधी चुकली नाही. रेल्वेतली घोषणाही अशीच ऐकू येते, म्हणून कान आधीच तयार ठेवा.

हे गाव आहे कुठे?

दक्षिण नॉर्वेत, ओस्लो आणि बर्गन या दोन मोठ्या शहरांच्या साधारण मधोमध, हालिंगदाल नावाच्या खोऱ्याच्या वरच्या टोकाला. वस्ती सुमारे अडीच हजार. एका बाजूला हालिंगस्कार्वेची लांबलचक कातळभिंत, दुसऱ्या बाजूला हार्डांगरविद्दा हे अफाट पठार, आणि मध्ये उस्तेदाल्सफ्योर. नावात 'फ्योर', म्हणजे जमिनीत आत शिरलेली समुद्राची खाडी, असलं तरी ते गोड्या पाण्याचं तळं आहे आणि हिवाळ्यात ते पूर्ण गोठतं.

उंचीचा त्रास होईल का? आईला रक्तदाब आहे.

गावाची उंची सुमारे ८०० मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही कमी. स्कीचे सगळ्यात वरचे उतारसुद्धा साधारण १,२०० मीटरच्या आतच आहेत. आपलं कळसूबाई १,६४६ मीटरचं आहे. गुलमर्ग किंवा लेहला होतो तसा विरळ हवेचा त्रास इथे नाही. इतक्या कमी उंचीवर एवढं बर्फ पडतं ते अक्षांशामुळे. येइलो साठ अंशांच्याही उत्तरेला आहे, त्यामुळे हजार-अकराशे मीटरच्या पुढे झाडंच संपतात आणि उघडा डोंगर सुरू होतो. रक्तदाब असलेल्यांनी काळजी घ्यायची ती थंडीची, आणि त्याहून जास्त घसरून पडण्याची. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

ओस्लोहून कसं जायचं? गाडी भाड्याने घेऊ का?

रेल्वेने जा. ओस्लोहून साधारण साडेतीन तास, बर्गनहून तीन तास. स्टेशन गावाच्या मध्यावर आहे, त्यामुळे सामान घेऊन लांब चालावं लागत नाही. तिकिटं लवकर काढली तर बरीच स्वस्त मिळतात. लहान मुलं असतील तर खेळायची जागा असलेल्या डब्यातली आसनं मागा.

या मार्गामुळेच येइलोचं येइलो झालं. बर्गन रेल्वेचं उद्घाटन राजा सातवा होकुन याने नोव्हेंबर १९०९ मध्ये केलं. त्याआधी ही शेतकऱ्यांची आणि गुराख्यांची छोटी वस्ती होती. त्याच वर्षी फुप्फुसांच्या विकारांचे डॉक्टर होल्म यांनी स्टेशनाजवळ हॉटेल उघडलं, कारण इथली कोरडी, स्वच्छ हवा रुग्णांना मानवेल असं त्यांचं मत होतं. ते हॉटेल त्यांच्याच नावाने आजही उभं आहे. आधी माणसं हवा बदलायला यायची, पुढे ती स्कीसाठी येऊ लागली.

हिवाळ्यात स्वतः गाडी चालवण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: बर्फावर चालवायची सवय नसेल तर नको. येइलोहून पश्चिमेला पठारावरून जाणारा ७ क्रमांकाचा रस्ता वादळात बंद होतो, किंवा बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागे सगळ्या मोटारी एका रांगेत सोडतात. पुढच्या गाडीचा दिवा सोडून काही दिसत नाही. मी त्या रांगेत एकदा बसले आहे, आणि गाडी अनुभवी माणूस चालवत असूनही तासभर कोणी एक शब्द बोललं नाही.

व्हिसा कुठला लागतो?

शेंगेन, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांसाठी मिळून चालणारा एकच व्हिसा. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेन क्षेत्रात आहे. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा लागतो. सहलीत दोन-तीन देश असतील तर जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करा. विम्याच्या कागदांत 'हिवाळी खेळ' समाविष्ट आहेत का तेही वाचा. अनेक साध्या विम्यांत स्कीवरची दुखापत धरत नाहीत, आणि इथली सर्वांत नेहमीची दुखापत गुडघ्याची असते.

कधी जावं?

हंगाम साधारण नोव्हेंबरच्या अखेरीपासून ईस्टरनंतरपर्यंत चालतो. पहिल्यांदा येणाऱ्याला मी मार्च सुचवते. तेव्हा बर्फ भरपूर असतं, दिवस जवळजवळ बारा तासांचा होतो आणि दुपारी उन्हात बाकावर बसून कॉफी पिता येते. डिसेंबरच्या शेवटी दिवस सहा तासांचाही नसतो, आणि डोंगराआडच्या जागांना सूर्य त्याहूनही कमी दिसतो. जानेवारीत शांतता आणि कडक थंडी. पारा उणे वीसच्या खाली जाऊ शकतो.

फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत शाळांना आठवडाभराची हिवाळी सुट्टी असते, प्रत्येक भागाची वेगळी. तेव्हा गर्दी आणि भाडी दोन्ही वाढतात. ईस्टरला तर अर्धा देश डोंगरावर असतो. पाठीवरच्या पिशवीत संत्री आणि १९३७ पासून मिळणारं 'क्विक लुन्श' चॉकलेट, आणि बर्फात खोदलेल्या खड्ड्यात ऊन खात बसलेली कुटुंबं. खोली सहा-सात महिने आधी मिळाली तर तो ईस्टर जरूर पाहा. आपल्याकडे गणपतीला गावी जाण्याची जी ओढ असते, तीच ओढ त्या गाड्यांमध्ये दिसते.

तिथे नॉर्दर्न लाइट्स दिसतात का?

त्यासाठी येइलोला येऊ नका. क्वचित कधी दिसले तर नशीब. ते पाहायचे तर ट्रोम्सोसारख्या आर्क्टिक वृत्तापलीकडच्या ठिकाणी जावं लागतं.

आयुष्यात कधी स्की केलं नाही. चाळिशी उलटली आहे. जमेल का?

जमेल. हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून सविस्तर लिहिते.

इथे स्कीचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला उताराचा: पाळण्याने किंवा दोरीच्या लिफ्टने वर जायचं आणि घसरत खाली यायचं. यात टाच स्कीला घट्ट बांधलेली असते. दुसरा 'लांगरेन', म्हणजे सपाटीवर आणि चढउतारांवर स्वतःच्या पायांनी चालत-घसरत जायचं. यात टाच मोकळी असते आणि स्की अरुंद. नॉर्वेजियन माणूस मनापासून प्रेम करतो ते दुसऱ्यावर. 'आम्ही पायात स्की घेऊनच जन्मतो' असं ते म्हणतात. तीन वर्षांचं पोर तुमच्या शेजारून सुळकन जाताना पाहिलं की त्यावर विश्वास बसतो.

पहिल्या दिवशी उताराचा प्रकार शिका, आणि शिक्षकाकडूनच शिका. मित्र शिकवेल या भरवशावर राहू नका. मित्राला दहाव्या मिनिटाला वर जायचं असतं. तळ्याच्या दक्षिणेची वेस्टलिया ही बाजू नवख्यांना आणि मुलांना चांगली, कारण उतार रुंद आणि सौम्य आहेत. सुरुवातीला सरकत्या पट्ट्यावर उभं राहून वर जायचं असतं. पहिल्या तासात तीन गोष्टी शिकवतात: पडायचं कसं, उठायचं कसं, आणि स्कीची पुढची टोकं जवळ आणून थांबायचं कसं. तिसरी जमली की भीती निम्म्यावर येते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हिरव्या उतारावरून बहुतेक जण स्वतः खाली येतात.

उतारांना रंग असतात: हिरवा सर्वांत सोपा, मग निळा, लाल आणि काळा. निळ्यावर तीनदा न पडता आल्याशिवाय लालकडे बघू नका. वरून पाहताना लाल उतार सोपा वाटतो, निम्म्यावर आल्यावर नाही.

तिसऱ्या दिवशी लांगरेन करून पाहा. त्यात वेगाची धास्ती कमी आणि घाम भरपूर. गावाभोवती कित्येक किलोमीटर लांब वाटा यंत्राने दाबून दोन समांतर खोबणी पाडून ठेवलेल्या असतात. त्या खोबणींवरून बूट घालून चालू नका. रात्रभर खपून कोणीतरी त्या आखलेल्या असतात, आणि एका पावलाने खड्डा पडून मागचा माणूस अडखळतो. इथले लोक सहसा रागावत नाहीत, पण यावर रागावतात.

भाषेची आवड असलेल्यांसाठी: 'स्की' हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतला, अर्थ चिरलेलं लाकूड. 'स्लालोम'ही इथलाच, उतार आणि वाट या दोन शब्दांचा जोड.

अपंग व्यक्तीला घेऊन गेलो तर?

जरूर न्या. हिवाळी पॅरालिंपिकच्या इतिहासातले दुसरे खेळ १ ते ७ फेब्रुवारी १९८० ला येइलोतच झाले; १८ देशांचे २९९ खेळाडू आले होते. लांगरेनबरोबर बर्फावर बसून चालवायच्या घसरगाडीच्या शर्यतीही झाल्या. बसून करायच्या स्कीची सोय आणि प्रशिक्षित शिक्षक तुमच्या तारखांना मिळतील का, हे स्की शाळेला आधी लिहून विचारा, कारण अशी साधनं मोजकी असतात.

आम्हाला स्की करायचंच नाही. मग काय?

मग चार दिवस नुसते छान राहा. कुत्र्यांच्या घसरगाडीतून जाता येतं. बुटांना जाळीदार पट्ट्या लावून मऊ बर्फात फिरता येतं. गोठलेल्या तळ्यावर पतंगाला बांधून घेऊन स्की करणारे लोक तासन्‌तास पाहता येतात. 'स्पार्क' नावाची, पायाने ढकलायची खुर्चीवजा घसरगाडी मिळाली तर एकाने बसायचं, दुसऱ्याने ढकलायचं. सत्तरीच्या माझ्या आईला सबंध नॉर्वेत सर्वांत आवडली ती हीच.

एक दिवस रेल्वेसाठी ठेवा. येइलोहून पश्चिमेला पाऊण तासाच्या आत फिन्से येतं, १,२२२ मीटर, नॉर्वेच्या रेल्वेतलं सर्वांत उंच स्टेशन. तिथे रस्ताच जात नाही. शेजारच्या हार्डांगरयोकुलेन हिमनदीच्या परिसरात नान्सेन आणि शॅकल्टन यांनी ध्रुवीय मोहिमांची तयारी केली होती. तसंच पुढे मिर्दालला उतरून फ्लोमची गाडी पकडता येते. ती वीस किलोमीटरांत ८६० मीटरहून अधिक उतरून थेट समुद्राच्या पातळीवर, फ्योरच्या काठाशी नेते. सकाळी बर्फात निघून दुपारी पाण्याकाठी जेवायचं आणि रात्री परत, हे एका दिवसात बसतं. फक्त वेळापत्रक आधी जुळवून घ्या.

कपडे काय न्यायचे? भारतातून जाड जॅकेट घेऊ का?

एका जाड जॅकेटपेक्षा तीन पातळ थर बरे. अंगाला चिकटून लोकर, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सर्वांत बाहेर वारा आणि पाणी अडवणारा थर. आत सुती बनियन मुळीच नको. सुती कापड घाम धरून ठेवतं, आणि थांबलात की तोच घाम गार पडतो. इथली मेरिनो लोकर टोचत नाही. एक जोडी इथेच विकत घ्या, बाहेरचे कपडे आणि स्कीचे बूट भाड्याने मिळतात. मोजे एकावर एक दोन घालू नका, बूट आवळला की बोटं जास्त गारठतात.

आता घसरण्याबद्दल. गावातल्या वाटांवर बर्फ वितळून पुन्हा गोठतं आणि काचेसारखं होतं. बुटांना खालून लावायचे रबरी पट्ट्याचे खिळे मिळतात, त्यांना 'ब्रॉदर' म्हणतात. इथले म्हातारे लोक ते सर्रास वापरतात. आईवडील बरोबर असतील तर गावात पोचल्यावर पहिली खरेदी हीच करा, कॉफीच्याही आधी. दुकानात शिरताना मात्र काढा, फरशीवर ते जास्त घसरतात.

गॉगल आणि सनस्क्रीन विसरू नका. मार्चचं ऊन बर्फावरून उलटून हनुवटीखालीही भाजतं.

राहायचं कुठे?

हॉटेलं आहेत, पण चार-सहा जण असाल तर 'हित्ते' घ्या, म्हणजे लाकडी घर. स्वयंपाकघर असतं, शेकोटी असते, आणि खर्च विभागला जातो. दोन गोष्टी आधी विचारून घ्या. चादरी-टॉवेल बहुधा भाड्यात नसतात, आणि निघताना घर स्वतः झाडून-पुसून द्यायचं असतं, नाहीतर त्याचे वेगळे पैसे पडतात. दारात बूट काढायचे हे आपल्याला सांगावं लागत नाही.

शाकाहारी माणसाचं काय?

हॉटेलात एखादा पदार्थ मिळतो, पण चार दिवस तोच खाऊन कंटाळा येतो. म्हणून पुन्हा हित्ते. सुपरमार्केटमध्ये डाळी, तांदूळ, भाज्या, दही सगळं मिळतं. थालीपिठाची भाजणी आणि मसाले घरून आणा. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ मात्र युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून आणायला बंदी आहे, म्हणून साजूक तूप, पेढे, बर्फी, खवा पिशवीत नको. कस्टमवाले टाकून देतात आणि जीव हळहळतो.

'ब्रूनोस्त' हे तपकिरी चीज नक्की चाखा. चीज करताना उरलेलं पाणी, दूध आणि साय आटवून ते करतात; दुधातली साखर तांबूस होते आणि चव थेट कंदी पेढ्याच्या गावाला जाते. गरम वाफलवर पातळ कापून घालतात. चीज करताना दूध फाडायला वापरलेलं रेनेट प्राणिज आहे का, हे काटेकोर शाकाहारींनी वेष्टनावर पाहावं किंवा विचारावं.

नळाचं पाणी उत्तम आहे. बाटल्या विकत घेऊ नका.

खर्च किती येईल?

जास्त, हे आधीच मनाशी धरा. एक क्रोनर (नॉर्वेचं चलन) साधारण आठ ते दहा रुपयांच्या आसपास धरून चला, दर बदलत राहतो. साध्या ठिकाणी एका माणसाचं जेवण दोनशे-तीनशे क्रोनर, लिफ्टचा दिवसाचा पास पाचशेच्या पुढे. लहान मुलांना हेल्मेट असेल तर बहुतेक ठिकाणी लिफ्ट मोफत असते. पैसे वाचतात ते स्वतः रांधण्यात, आणि लांगरेनमध्ये, कारण त्याला लिफ्ट लागत नाही. रोख रक्कम जवळजवळ कुठेच लागत नाही.

गावाबाहेर डोंगरात एकटं जाऊ शकतो का?

कायद्याने हो. १९५७ च्या कायद्यानुसार मोकळ्या रानात पायी किंवा स्कीवर कुठेही फिरायचा हक्क सर्वांना आहे, पाहुण्यांनाही. पण एकट्याने, पहिल्याच भेटीत, हिवाळ्यात? नको. १९६७ च्या ईस्टरमध्ये नॉर्वेच्या डोंगरांत १८ माणसं दगावली. त्यानंतर 'फ्येलवेत', म्हणजे डोंगरात कसं वागावं याचे नियम घरोघरी पोचवले गेले. 'क्विक लुन्श' चॉकलेटच्या वेष्टनाच्या आतल्या बाजूलाही ते छापलेले असतात. कुठे जाणार ते कोणाला तरी सांगा, हवामान आणि हिमकडे कोसळण्याचा इशारा पाहा, वेळेवर परत फिरा. परत फिरण्यात लाज नाही, हे त्या नियमांत स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे.

हे मी कळकळीने सांगते, कारण इथे हवा अर्ध्या तासात पालटते. आकाश आणि जमीन दोन्ही पांढरी होतात, चढ की उतार तेही कळत नाही. अशा वेळी कामी येतात त्या बर्फात ओळीने रोवलेल्या झाडांच्या फांद्या. ईस्टरच्या सुमाराला पठारावरच्या मुख्य वाटांवर त्या लावलेल्या असतात. फांद्या दिसेनाशा झाल्या की पुढे जायचं नाही. तातडीला रुग्णवाहिका ११३, पोलीस ११२.

आर्ने नेस यांची झोपडी पाहता येते का?

हा प्रश्न एकदाच आला, पण मला तो सर्वांत आवडला. तत्त्वज्ञ आर्ने नेस (१९१२–२००९) यांनी हालिंगस्कार्वेच्या कड्याखाली, सुमारे १,५०० मीटर उंचीवर, १९३० च्या दशकात 'त्व्हेरगास्ताइन' नावाचं लाकडी घर बांधलं आणि आयुष्यातली अनेक वर्षं तिथे काढली. 'सखोल पर्यावरणवाद', म्हणजे माणसाच्या उपयोगापलीकडेही निसर्गाला स्वतःचं मोल आहे हा विचार, ही त्यांची मांडणी. गांधीजींच्या अहिंसेचा त्यांच्यावर खोल प्रभाव होता. त्यांनी गांधीविचारावर पुस्तकं लिहिली, आणि १९७० मध्ये मारदाल धबधब्यावरच्या वीजप्रकल्पाविरुद्धच्या सत्याग्रहात ते स्वतः बसले. घर दुरून पाहायचं तर उन्हाळ्यात या, उस्ताओसेटच्या बाजूने चढ आहे आणि दिवसभराची तयारी हवी. त्याच डोंगराच्या प्रेस्तहोल्त बाजूला नेपाळच्या शेर्पांनी रचलेल्या दगडी पायऱ्या आहेत. त्या चढताना मला राजगडाची वाट आठवते.

रानटी रेनडिअर दिसतील का?

हार्डांगरविद्दावर युरोपातला रानटी रेनडिअरचा सर्वांत मोठा कळप आहे, पण माणसाची चाहूल लागताच ते दूर जातात. दिसलेच तर थांबा, बसा, पाठलाग करू नका. हिवाळ्यात पळवलं तर त्यांची साठवलेली शक्ती संपते.

किती दिवस ठेवावेत?

किमान चार रात्री. पहिला दिवस पडण्यात जातो, दुसरा अंगदुखीत, आणि मजा तिसऱ्या दिवशी सुरू होते. दोन रात्रींत परतणारे नेमके त्याआधी निघतात.

आठवण म्हणून काय आणावं?

लोकरीचे हातमोजे, किंवा सुरी. ब्रुस्लेत्तो हा सुऱ्यांचा कारखाना येइलोत १८९६ पासून आहे. बर्चच्या लाकडाची मूठ आणि चामड्याचं म्यान असलेली त्यांची छोटी सुरी पिढ्यान्‌पिढ्या टिकते. नॉर्वेत कारणाशिवाय सुरी जवळ बाळगून फिरता येत नाही, म्हणून दुकानातून घेतली की गुंडाळून सामानात तळाशी ठेवा, आणि विमानात चेक-इन बॅगेतच.